बोटं मोजून झाल्यावर : क्षीणदृष्टी तपासायला आपण कसं शिकलो



विषय वाचून काहींना वाटलं असेल, आज डोळ्यांच्या आजारांची माहिती मिळणार. थोडी मिळेल. पण आम्ही इथे औषधोपचार सांगायला उभे नाही, इतिहास सांगायला उभे आहोत. प्रश्न तसा साधा आहे. ज्या माणसाला नीट दिसत नाही, पण जो आंधळाही नाही, त्याची नजर तपासायची कशी आणि त्याला आधार द्यायचा कसा, हे आपण कधी शिकलो? कुणी शिकवलं? आणि ते शिक्षण कर्जत-खालापूरच्या वाड्यांपर्यंत कितपत पोचलं?

कर्जतमध्ये बोलतोय, तर सुरुवात रेल्वेपासून करू. १८६३ साली भोरघाटातून गाडी धावू लागली. त्याच्या एकच वर्ष आधी, १८६२ मध्ये, हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहरात हर्मान स्नेलन या नेत्रवैद्याने अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. वर एक मोठं अक्षर, खाली ओळीओळीने लहान होत जाणारी अक्षरं. चष्म्याच्या दुकानात आपण सगळ्यांनी पाहिलेला तो हाच तक्ता. घाटाचा आणि तक्त्याचा तसा संबंध नव्हता, पण पुढे तो जुळला. गाडी चालवणाऱ्याला सिग्नल दिसलाच पाहिजे, त्याचा रंग ओळखता आलाच पाहिजे. म्हणून रेल्वेने नोकरीसाठी नजरेची परीक्षा लावली. आजही रेल्वेत ए-१ पासून सी-२ पर्यंत वैद्यकीय वर्ग आहेत आणि गाडी चालवणाऱ्याला त्यातला सर्वांत कडक, ए-१, लागतो. घाट चढायला मागून इंजिन जोडायचं ते कर्जतला. त्यामुळे 'मेडिकलमध्ये डोळ्यांवर काढलं' हे वाक्य या गावातल्या रेल्वेच्या घरांना समजावून सांगावं लागत नाही.

रेल्वेचं काही चुकलं असं आम्ही म्हणत नाही. घाटात गाडी न्यायची तर नजर चोखच हवी. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तक्ता आपल्याकडे आला तो निवड करायला. कोण लायक, कोण नालायक, एवढं तो सांगायचा. नालायक ठरलेल्या माणसाने उरलेल्या नजरेनिशी पुढे काय करायचं, हे तक्ता सांगत नव्हता. तक्ता धरणाऱ्यालाही ते कुणी शिकवलं नव्हतं. आजचं व्याख्यान त्या राहून गेलेल्या धड्याबद्दल आहे.

तक्ता जिथे संपतो

हा तक्ता वाचतात कसा? ६/१८ म्हणजे काय? निरोगी नजरेला १८ मीटरवरून जे अक्षर ओळखता येतं, ते ओळखायला या माणसाला ६ मीटरपर्यंत यावं लागतं. ६/६० म्हणजे निरोगी माणसाला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर याला ६ मीटरवरून दिसतं. सगळ्यात वरचं ते एकटं अक्षर ६० चं. त्याची उंची साधारण पावणेनऊ सेंटिमीटर.

आता ते वरचं अक्षरही दिसलं नाही तर? मग तपासणारा तक्ता सोडतो आणि हात वर करतो. "किती बोटं?" पुढे, "हात हलतोय का?" त्याच्यापुढे, "उजेड कळतो का?" ही परीक्षा गावोगावच्या शिबिरांत आपण पाहिलेली आहे. तिच्यात मोठी अडचण आहे. बोटं मोजणाऱ्या दोन माणसांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकजण भिंगाने वर्तमानपत्र वाचू शकेल, दुसऱ्याला समोरचा दरवाजाही चाचपावा लागेल. कागदावर दोघांची नोंद एकच, 'बोटं मोजतो'.

यावर उपाय फार अवघड नव्हता. तक्ता जवळ आणायचा. ६ मीटरवरून दिसत नसेल तर ३ मीटरवर, नाहीतर एका मीटरवर. पण बारकाईने मोजायला तक्ताही वेगळा हवा होता, कारण जुन्या तक्त्यात वर एकच अक्षर आणि खाली गर्दी. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे इयन बेली आणि जॅन लव्ही यांनी नवा तक्ता मांडला. प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, ओळी एकाच प्रमाणात लहान होत जाणाऱ्या. त्यामुळे कमी नजरेच्या माणसाचीही मोजणी नीट होऊ लागली. स्नेलनपासून तिथपर्यंत ११४ वर्षं गेली. एवढा वेळ का लागला? तंत्र अवघड होतं म्हणून नाही. त्या माणसाची नजर मोजण्यासारखी आहे, असं वाटायलाच एवढा काळ गेला.

दोन खाती, मधे कुणी नाही

आपल्या भाषेकडे बघा. डोळ्यांच्या आजारांना मराठीत शब्द भरपूर. मोतीबिंदू, काचबिंदू, वडस, फूल पडणं, रातांधळेपणा. माणसाला मात्र दोनच शब्द, आंधळा आणि डोळस. मधल्या माणसाला रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. तो सांगतो, "अंधुक दिसतं", "धुरकट दिसतं". सरकारी कागदावर आता 'अल्पदृष्टी' आणि 'क्षीणदृष्टी' असे दोन्ही शब्द चालतात. आम्ही आज क्षीणदृष्टी म्हणू.

शब्द दोन, तशा संस्थाही दोन प्रकारच्या उभ्या राहिल्या. एकीकडे रुग्णालयं. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात सर कावसजी जहांगीर नेत्र रुग्णालय एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं होतं. तिथल्या डॉक्टरांचं शिक्षण बरं करण्याचं. दुसरीकडे अंधशाळा. देशातली पहिली १८८७ मध्ये अमृतसरला. मुंबईत १९०० साली ॲना मिलर्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी शाळा काढली, तीच आजची दादरची कमला मेहता अंध मुलींची शाळा. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा. १९३४ मध्ये पुण्याला डॉ. शंकरराव माचवे यांनी अंधशाळा सुरू केली. १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे 'नॅब', स्थापन झाला. या लोकांनी केलेलं काम मोठं आहे. १९४४ च्या सरकारी अहवालात देशात सुमारे २० लाख अंध असल्याचा अंदाज दिला होता, आणि त्यांच्यासाठी हातावर मोजता येतील एवढ्याच शाळा होत्या. त्या काळात ब्रेल शिकवणारा एकेक शिक्षक घडवणं हीच केवढी गोष्ट!

पण या शिक्षकांचं शिक्षण काय होतं? ब्रेल, पाठांतर, हस्तकला, संगीत, काठी घेऊन चालणं. सगळं न दिसणाऱ्यासाठी. मग शाळेत थोडं दिसणारं मूल आलं की काय व्हायचं? जगभरच्या अंधशाळांमधून एकच हकीकत ऐकू येते. अशी मुलं ब्रेलचे ठिपके बोटांनी वाचायची नाहीत, कागदाला डोळे लावून वाचायची! आणि शिक्षक त्यांचे डोळे झाकायचे. त्या मुलाला दिसतंय हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. त्या दिसण्याचं करायचं काय, हे शिक्षकाच्या पुस्तकात नव्हतं.

डॉक्टर म्हणायचे, "आता काही होणार नाही, अंधशाळेत घाला." अंधशाळा म्हणायची, "ब्रेल शिक." दोघंही आपापल्या शिक्षणाशी प्रामाणिक होते. मधल्या माणसाचं खातं मात्र कुणाकडेच नव्हतं.

'डोळे जपून वापर'

इथे आणखी एक अडसर होता, आणि तो आपल्या घरातही आहे. "इतकं जवळून वाचू नकोस, डोळे जातील." "डोळे ताणू नकोस." आपल्या आयांनी हे म्हटलं आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतले तज्ज्ञही हेच म्हणत होते. १९०८ मध्ये लंडनमध्ये आणि १९१३ मध्ये बॉस्टनमध्ये कमी दिसणाऱ्या मुलांचे वेगळे वर्ग निघाले. पुढे अशा वर्गांना 'दृष्टी वाचवणारे वर्ग' म्हणू लागले. नजर म्हणजे जणू कणगीतलं भात. वापरलं की संपणार, म्हणून जपून काढायचं.

हा समज मोडायला १९६४ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत टेक्सासच्या नॅटली बरागा या शिक्षिका-संशोधिका. अंधशाळेतल्या, थोडी नजर उरलेल्या मुलांना त्यांनी पद्धतशीर पाहायला शिकवलं. आकार ओळखणं, चित्रातला फरक शोधणं, मग अक्षरं. त्यांना काय आढळलं? तक्त्यावरची नजर वाढली नाही, पण त्याच नजरेने मुलं जास्त कामं करू लागली. याचा अर्थ, दिसणं हे निम्मं डोळ्यात असतं आणि निम्मं सवयीत. जवळून वाचल्याने डोळा झिजत नाही. उलट ती मुलाने स्वतःच शोधलेली युक्ती असते. पुस्तक २५ सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आणलं की अक्षर डोळ्याला पाचपट मोठं दिसतं. लहान मुलाच्या डोळ्याला एवढ्या जवळचं स्पष्ट करून पाहण्याची ताकद असते. म्हाताऱ्या डोळ्याला ती उरत नाही, म्हणून त्याला भिंग लागतं. पाठ्यपुस्तकाला नाक लावून बसलेल्या मुलाला आपण रागावतो, तेव्हा बहुधा त्याच्या एकमेव साधनालाच हात घालत असतो.

शिबिरांचं यश आणि मागे राहिलेले

आता आपल्याकडे येऊ. १९७६ मध्ये भारत सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. मोतीबिंदू हा मोठा शत्रू, आणि तो शस्त्रक्रियेने हटतो. म्हणून सगळा जोर शस्त्रक्रियांवर. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. जाड भिंगांचे चष्मे मागे पडले, डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं सर्रास झालं. आपल्या भागातले कितीतरी आजी-आजोबा मुंबई-पनवेलकडच्या शिबिरांतून दिसते होऊन परत आले. या यशाला आम्ही कमी लेखत नाही.

पण कार्यक्रमाचं मोजमाप होतं ते किती शस्त्रक्रिया झाल्या याचं. जे मोजलं जातं ते शिकवलं जातं. ग्रामीण रुग्णालयातला नेत्र चिकित्सा अधिकारी मोतीबिंदू हुडकायला शिकला, चष्म्याचा नंबर काढायला शिकला. ज्याचं दिसणं ना शस्त्रक्रियेने सुधारतं ना चष्म्याने, तो या मोजणीत कुठेच बसत नव्हता. काचबिंदूने कडेची नजर गेलेला, मधुमेहाने पडदा बिघडलेला, गोवर आणि अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने बुबुळावर फूल पडलेला, जन्मतः डोळे थरथरणारा. त्यांना एकच वाक्य मिळायचं. आता काही होणार नाही.

आणि रेघ तर सारखी सरकत होती. या कार्यक्रमात ६/६० च्या खाली अंध. २०१७ मध्ये ती रेघ ३/६० वर आली. जनगणनेचं बघा. २००१ मध्ये दृष्टी-अपंग १ कोटी ६ लाखांहून जास्त, २०११ मध्ये सुमारे ५० लाख. दहा वर्षांत निम्मे बरे झाले काय? व्याख्या बदलली. एकाच डोळ्याने नीट दिसणारे लोक पहिल्या मोजणीत होते, दुसरीत नव्हते. आकडा ऐकला की रेघ कुठे मारली आहे ते आधी विचारायचं, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावा.

बँकॉक १९९२

जुलै १९९२ मध्ये बँकॉकला जागतिक आरोग्य संघटनेची एक बैठक झाली. विषय, मुलांमधली क्षीणदृष्टी. तिथे केलेल्या व्याख्येत नजरेचे आकडे होतेच, पण शेवटी एक गोष्ट नवी होती. उपचार आणि चष्म्यानंतरही ज्याचं दिसणं अधू आहे, पण एखादं काम ठरवायला वा करायला जो आपली नजर वापरतो किंवा वापरू शकेल, तो क्षीणदृष्टी. 'वापरू शकेल' हा शब्द महत्त्वाचा. कारण मग तपासणाऱ्याचं काम बदलतं. किती गेलं ते मोजून भागत नाही, उरलेल्यात काय काय करता येईल ते शोधावं लागतं.

आपल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात क्षीणदृष्टीची व्याख्या जवळजवळ याच शब्दांत आली, आणि आकड्यांशिवाय आली. कल्पना उदात्त होती, पण दाखला देणाऱ्या डॉक्टरला काय लिहावं कळेना. नजर कामाला येते की नाही हे तपासायचं शिक्षण त्याला कुठे मिळालं होतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आकडे आणले. चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पासून ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत. दाखला सोपा झाला, पण 'काम' हा शब्द व्याख्येतून गेला. कायद्याला आकडा लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त दाखला हातात आला की मूल्यमापन झालं, असं समजू नये.

हे अंश म्हणजे काय, ते आत्ताच करून पाहू. हात समोर लांब करा, मूठ वळा. त्या मुठीची रुंदी डोळ्याला साधारण १० अंश भरते. आता कल्पना करा, एवढ्याच खिडकीतून कर्जत स्टेशनचा जिना उतरायचा आहे. समोरच्या फलकावरचं बारीक अक्षर या माणसाला वाचता येईल, आणि पायाखालची पायरी मात्र दिसणार नाही. लोक म्हणतात, "पेपर वाचतो आणि काठी घेऊन फिरतो, सोंग करतो!" सोंग नव्हे, काचबिंदूत किंवा पडद्याच्या काही आजारांत असंच होतं.

शिकवण्याचं साहित्य

मग शिकायचं काय आणि कशावरून? गेल्या पन्नासेक वर्षांत यासाठी साहित्य तयार झालं, त्यातली दोन उदाहरणं घेतो.

पहिलं फिनलंडच्या डॉ. लेआ ह्युव्हारिनेन यांचं, १९७६ चं. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी त्यांनी चार चित्रं बनवली. घर, चौकोन, गोल आणि सफरचंद. नजर अपुरी पडली की चारही सारखीच धूसर होतात, त्यामुळे अंदाजाने उत्तर देता येत नाही. आणि मूल चित्राला काय म्हणतं याला महत्त्व नाही. आमच्या एखाद्या ठाकरवाडीतलं पोर सफरचंदाला कैरी म्हणालं तरी चालेल, दर वेळी कैरीच म्हणालं म्हणजे झालं.

दुसरं १९९५ चं. मेलबर्नच्या जिल कीफ यांनी विकसनशील देशांसाठी क्षीणदृष्टी तपासण्याचा संच तयार केला आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो प्रसिद्ध केला. तो लिहिलाच होता डोळ्यांचे डॉक्टर नसलेल्यांसाठी, म्हणजे शिक्षक आणि आरोग्यसेवकांसाठी. त्यात इंग्रजी 'ई' चं चिन्ह. त्याचे पाय कुठल्या बाजूला आहेत, एवढं हाताने दाखवायचं. शाळेत न गेलेल्या माणसालाही जमतं. पुढे १९९९ मध्ये 'व्हिजन २०२०' ही जागतिक मोहीम सुरू झाली, तिच्यात क्षीणदृष्टी हा अग्रक्रमाचा विषय होता. अलीकडे जागतिक आरोग्य संघटनेने सहायक साधनांविषयीचं प्रशिक्षण इंटरनेटवर खुलं केलं आहे, त्यात दृष्टीचाही भाग आहे. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार मिळाला, आणि त्या अभ्यासक्रमांत क्षीणदृष्टी आली.

या सगळ्याचा गाभा एका घरात बसून दाखवतो. समजा, कशेळेकडच्या एका वाडीत सत्तरीच्या आजी आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण पडदा खराब आहे. ही खरी कुणी व्यक्ती नाही, उदाहरण आहे. न शिकलेला माणूस विचारेल, "आजी, दिसतं का?" आजी म्हणतील, "नाय रे बाबा." संपलं. शिकलेला माणूस विचारेल, "आजी, काय करायला अडतं?" मग आजी बोलू लागतात. ताटातला भात कळत नाही. उंबऱ्याला ठेच लागते. उन्हातून आत आलं की सगळा काळोख. गोळ्या ओळखता येत नाहीत. नातवाचा चेहरा समोरून दिसत नाही, पण जरा तिरकं पाहिलं की दिसतो.

आता एकेक उत्तर बघा. पांढरा भात चकाकत्या स्टीलच्या ताटात हरवतो. गडद रंगाच्या ताटात वाढा. उंबऱ्याच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढा. आत आल्यावर दाराशी घटकाभर थांबायचं, डोळ्यांना सवय होऊ द्यायची. बाहेर जाताना कडेची टोपी किंवा पदर कपाळावर. सकाळच्या गोळीच्या पुडीला रबर बांधा, रात्रीच्या पुडीला नको. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी फट कापली तर वाचणाऱ्याला एकच ओळ उठून दिसते. आणि तिरकं पाहणं? ते थांबवायचं नाही. पडद्याचा मधला भाग बिघडला की माणूस कडेच्या चांगल्या भागाने पाहतो. डोळे थरथरणारी मुलं मान एका बाजूला कलती ठेवतात, कारण त्या कोनात थरथर कमी होते. वर्गात शिक्षक म्हणतात, "मान सरळ ठेव!" मूल आज्ञाधारक असतं, मान सरळ करतं, आणि त्याला फळा दिसायचा बंद होतो. त्या शिक्षकाला आम्ही दोष कसा देणार? हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उजेडाबद्दल एक शब्द. क्षीणदृष्टीच्या बहुतेक माणसांसाठी योग्य जागी पडणारा उजेड हे पहिलं साधन. काहींना मात्र जास्त उजेड सोसत नाही, म्हणून विचारून घ्यावं. या तालुक्यांचा इतिहास इथे बोचतो. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. आपल्या घाटाखाली तयार झालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या उजळल्या, आणि डोंगरातल्या कित्येक वाड्यांत मात्र पुढची कित्येक दशकं चिमणीच होती.

कर्जत-खालापुरात आज

आता मुद्दा, हे शिकायचं कुणी? नेत्रतज्ज्ञ लागतोच. आधी आजाराचं निदान, मग बाकी सारं. टाळता येणारं नुकसान टाळलंच पाहिजे. पण आपल्या दोन तालुक्यांत क्षीणदृष्टीचं मूल पहिल्यांदा कुणाला दिसतं? आईला, अंगणवाडी ताईंना, आशाताईंना, आश्रमशाळेच्या गुरुजींना. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, आणि दृष्टिदोष त्यांच्या यादीत आहे. समग्र शिक्षेत फिरते विशेष शिक्षक आहेत. म्हणजे माणसं अगदीच नाहीत असं नाही.

अडतं कुठे? एक, वेळ जुळत नाही. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तपासणीच्या दिवशी हजेरीपटावर नाव असतं, मूल भट्टीवर असतं. दोन, अंतर. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. कर्जतहून मुंबईला थेट लोकल आहे, १०० किलोमीटर. अलिबागला जायचं तर वाहनं बदलत दिवस जातो. रोजंदारीवरचा माणूस एकदा जाईल, फेरतपासणीला जाणार नाही. तीन, भाषा. शिकण्याचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. आशाताईंच्या हातात पडेल असं, मराठीत, चित्रांसह, भात आणि उंबऱ्याची उदाहरणं असलेलं हवं.

आणि चौथं, भिंग दिलं की काम झालं असं वाटणं. भिंग जितकं ताकदवान तितकं ते कागदाच्या जवळ धरावं लागतं, आणि तितकाच लहान भाग दिसतो. दोन-तीन आठवडे सराव करून घ्यावा लागतो. सराव नसेल तर ते ट्रंकेत जातं. शाळेत पोरं हसली तर पहिल्याच दिवशी जातं. म्हणून वर्गाला शिकवणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

एक सावधगिरीही सांगतो, नाहीतर आम्ही एकच बाजू मांडली असं होईल. उरलेली नजर वापरायची म्हणजे काठी आणि ब्रेल वाईट, असं नव्हे. ज्याचा आजार वाढत जाणार आहे, त्याने दिसतंय तोवरच काठी शिकलेली बरी. ज्या मुलाला तासाभराच्या वाचनाने डोकेदुखी होते, त्याला डोळ्यांनी वाचायची सक्ती करणं म्हणजे जुन्या शिक्षकांनी डोळे झाकले, त्याचीच उलटी आवृत्ती. त्या मुलाला ब्रेलही हवं, ऐकून वाचायचं साधनही हवं. कुठलं कधी, हे ठरवता येणं यालाच मूल्यमापन म्हणतात.

शेवटाकडे येतो. १८६२ पासून आजवरचा हा प्रवास पाहिला तर यंत्रं फार कमी भेटली. तक्ते, चित्रं, पुठ्ठे, प्रश्न हीच या विषयाची अवजारं, आणि बहुतेक स्वस्त. महाग होतं ते ती वापरायला शिकलेलं माणूस तयार करणं. ते काम शंभर वर्षं लांबलं, आणि त्या शंभर वर्षांत किती मुलं 'मंद' म्हणून मागच्या बाकावर बसली, किती आज्या ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहिल्या, याचा हिशोब कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

घरी गेल्यावर एक करा. तुमच्या घरात किंवा शेजारी 'तिला दिसत नाही' असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं, त्यांच्याजवळ जाऊन बसा. बोटं दाखवू नका. "काय करायला अडतं?" एवढंच विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. तपासणी तिथून सुरू होते. पुढची पायरी नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे, आणि त्यांना सांगायचं, चष्म्याचा नंबर काढून झाला, आता क्षीणदृष्टीसाठी कुठे पाठवता?

हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर उत्तर देणारी माणसंही तयार करावी लागतील. आता तुमचे प्रश्न घेऊ.